जरा मागच्या रांगेत बसाल का? विमानाच्या तोलाचे गणित

विमानाचे दार बंद होण्याच्या बेतात असते. प्रवासी पट्टे बांधून बसलेले असतात, कुणी शेवटचा फोन उरकत असतो. एवढ्यात हवाई सेविका पाचव्या रांगेपाशी येते आणि तेथील चौघांना विनंती करते, ‘आपण कृपया मागे पंधराव्या रांगेत बसाल का?’ कारण विचारले तर उत्तर मिळते, ‘बॅलन्ससाठी.’ चौघांपैकी एक जण मुकाट्याने उठतो. दुसऱ्याने खिडकीसाठी जादा पैसे मोजलेले असतात, त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. तिसरीला वाटते, आपल्या अंगलटीकडे पाहूनच आपल्याला निवडले. चौथा सरळच विचारतो, ‘वीस-बावीस टनांचे विमान माझ्या सत्तर किलोंनी कलंडणार आहे का?’

चौथ्याचा प्रश्न रास्त आहे. अशा प्रसंगांच्या मोबाईलवर टिपलेल्या चित्रफिती वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत अधूनमधून येतात आणि ‘आसनावरून विमानात वाद’ अशा मथळ्याखाली छापल्याही जातात. भांडण कोणी सुरू केले, कोणाला खाली उतरवले, हे सारे त्या बातमीत असते. मूळ विनंती कशासाठी होती, हे मात्र क्वचितच असते. म्हणून तेवढेच येथे नीट उलगडून पाहू.

तोल ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. बैलगाडीत आसाच्या मागे जास्त माल भरला की गाडी उलाळते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. पुढे जास्त भरला की गाडी धुरजड होते. सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. गाडीवान एकूण वजन बदलत नाही, दोन पोती पुढची मागे किंवा मागची पुढे करतो. विमानातली विनंती नेमकी हीच आहे. फरक इतकाच, की येथे पोत्यांना तिकिटे काढावी लागतात आणि त्यांना मतेही असतात.

विमानाचे सारे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, तो त्याचा गुरुत्वमध्य. हवेत असताना विमान जणू पंखांवर टांगलेले असते. प्रवासी विमानांत हा गुरुत्वमध्य सर्वसाधारणपणे उचल जेथे लागू होते त्याच्या किंचित पुढे ठेवतात. त्यामुळे नाक आपोआप खाली झुकू पाहते आणि शेपटीवरचा आडवा पंख हवेच्या जोराने शेपूट खाली दाबून ते सावरतो. आसाची जागा पंखांनी घेतली आणि बैलांची शेपटीने, असे समजायला हरकत नाही.

गुरुत्वमध्य फार पुढे गेला तर शेपटीला जास्त दाब द्यावा लागतो. धावपट्टीवर ठरलेल्या वेगाला वैमानिक दांडा ओढतो, पण नाक वेळेवर उचलत नाही आणि धावपट्टी संपत जाते. उतरतानाही चाके टेकण्याआधी नाक वर करणे जड जाते. गुरुत्वमध्य फार मागे गेला तर प्रकार अधिक गंभीर असतो. विमान हळवे होते, दांडा थोडा ओढला तरी नाक भलतेच वर जाते. त्या अवस्थेत वेग घटून पंखांची उचल तुटली, तर नाक खाली आणण्याएवढी ताकद शेपटीत उरलेली नसते. धुरजड विमान उड्डाणच नाकारण्याची शक्यता असते आणि तेव्हा निदान थांबायला जागा तरी असू शकते. उलाळलेले विमान मात्र हवेत जाते आणि मग हाताबाहेर जाते. वैमानिक या दुसऱ्या प्रकाराला अधिक भितात, ते यासाठीच.

आता त्या चौथ्या प्रवाशाच्या प्रश्नाकडे येऊ. वजन आणि ते किती अंतर सरकले यांचा गुणाकार करायचा, त्याला विमानाच्या एकूण वजनाने भागायचे, की गुरुत्वमध्य किती हलला ते कळते. चार प्रवासी, प्रत्येकी ७५ किलो धरू. ते दहा मीटर मागे गेले. ३०० गुणिले १० म्हणजे ३,०००. विमानाचे वजन २० टन असेल, तर ३,००० भागिले २०,०००, म्हणजे ०.१५ मीटर, अर्थात पंधरा सेंटीमीटर. चार माणसे उठून मागे बसली आणि अख्ख्या विमानाचा गुरुत्वमध्य वीतभराला थोडा कमी इतका मागे सरकला.

पंधरा सेंटीमीटर ऐकायला थोडेच वाटतात. पण सत्तर-ऐंशी आसनांच्या विमानांत गुरुत्वमध्य ज्या पट्ट्यात राहिलाच पाहिजे, तो पट्टाच मुळी साधारण हातभराचा असतो. हातभरातले वीतभर ही थोडी गोष्ट नव्हे. हेच चौघे साठ टनांच्या एअरबस ए-३२० मध्ये दहा मीटर मागे गेले असते, तर गुरुत्वमध्य पाचच सेंटीमीटर हलला असता आणि त्या विमानाचा पट्टाही बराच रुंद असतो. विमान जितके लहान, तितके एकेका माणसाचे वजन भारी.

गोव्याच्या आणि बेळगावच्या प्रवाशांनी हे नीट लक्षात घ्यावे असे आहे, कारण आपल्याकडे आता लहान विमानांची वर्दळ वाढली आहे. गोव्याचीच म्हणवणारी ‘फ्लाय९१’ ही कंपनी मार्च २०२४ पासून मोपाहून एटीआर ७२-६०० या पंख्याच्या विमानांनी सेवा देते. त्यात सत्तर आसने असतात. बेळगावकरांना ‘स्टार एअर’चे पन्नास आसनी एम्ब्राएर १४५ परिचयाचे आहे. एका अंगाला एक आसन, दुसऱ्या अंगाला दोन, आणि मधली बोळासारखी वाट. एटीआरमध्ये सत्तर प्रवासी म्हणजे सव्वापाच टन वजन. पूर्ण भरलेल्या विमानाच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याला थोडे कमी. अशा विमानात प्रवासी हाच सर्वांत मोठा माल असतो आणि तोच हिंडता-फिरता, स्वतःची आसने स्वतः निवडणारा असतो.

आसन बदलण्याची ही विनंती गच्च भरलेल्या विमानात सहसा होत नाही. पूर्ण भरले की वजन आपोआप सगळीकडे पसरते. अडचण अर्ध्या रिकाम्या विमानात येते. सत्तर आसने आणि तीस प्रवासी असतील, तर त्या तिसांना घरबसल्या चेक-इन करताना पुढच्याच रांगा हव्या असतात. (एटीआरचे प्रवाशांचे दार मागच्या बाजूला असते आणि मागे बसणाराच आधी उतरतो, हे कितीदाही सांगितले तरी पुढच्या आसनाचा मोह सुटत नाही.) मग मागच्या रांगा ओस आणि पुढे गर्दी. रिकामी आसने दिसत असताना आपल्याला का हलवतात, असा प्रश्न प्रवाशाला पडतो. खरे तर ती रिकामी आसने हेच हलवण्याचे कारण असते.

हे अगदी शेवटच्या क्षणी का सुचते, याचेही उत्तर आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी ‘लोडशीट’ नावाचा ताळेबंद तयार होतो. कोरड्या विमानाचे वजन, इंधन, सामानाच्या पुढच्या कप्प्यात किती बॅगा, मागच्या कप्प्यात किती, आणि प्रवासी कोणत्या भागात किती. त्यासाठी आसनांचे पुढचा, मधला, मागचा असे भाग पाडलेले असतात. एवढ्या आकड्यांवरून गुरुत्वमध्य काढतात आणि तो आखून दिलेल्या चौकटीत बसतो की नाही हे तपासतात. उड्डाणासाठी शेपटीचा पंख किती अंशांवर लावायचा, हेही त्यावरूनच ठरते. हा कागद वैमानिकाने मान्य केल्याशिवाय विमान हलत नाही. पण चेक-इन बंद झाल्यावर कळते, की दुसऱ्या विमानाने येणारे आठ जणांचे कुटुंब पोहोचलेच नाही. त्यांच्या बॅगा चढल्या असतील तर त्या खाली काढाव्या लागतात. आठ माणसे आणि दहा बॅगा वजा झाल्या की सकाळी बरोबर असलेला हिशेब दुपारी चुकीचा ठरतो. अशा वेळी सामान पुन्हा उतरवून हलवण्यापेक्षा चार माणसांना दहा पावले चालायला सांगणे सोपे असते.

येथे त्या तिसऱ्या प्रवासिनीच्या मनातला सल काढून टाकायला हवा. लोडशीटला तिचे वजन ठाऊक नसते. तेथे सगळी प्रौढ माणसे एकाच ठरावीक वजनाची धरलेली असतात. युरोपात मोठ्या विमानांसाठी हातातल्या सामानासह प्रौढाचे ८४ किलो आणि लहान मुलाचे ३५ किलो धरण्याची पद्धत आहे. कृश माणूस आणि पैलवान या कागदावर सारखेच. त्यामुळे मागे जायला सांगितलेला माणूस जाड आहे म्हणून निवडलेला नसतो. तो पाचव्या रांगेत आहे म्हणून निवडलेला असतो. शंभर माणसांत कमी-जास्त वजने एकमेकांना फेडून टाकतात, हा या सरासरीमागचा भरवसा. माणसे एकोणीसच असली की तो भरवसा पातळ होतो. म्हणून अगदी लहान विमानांत आणि हेलिकॉप्टरांत प्रत्येकाला काट्यावर उभे करतात. केदारनाथला हेलिकॉप्टरने गेलेल्या भाविकांना तो अनुभव असेल.

सरासरी चुकली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. ८ जानेवारी २००३ रोजी शार्लट विमानतळावरून ‘एअर मिडवेस्ट’चे बीचक्राफ्ट १९००डी जातीचे विमान उडाले. एकोणीस प्रवासी आणि दोन वैमानिक. चाके सुटताच नाक वर, आणखी वर जाऊ लागले. दोघा वैमानिकांनी दांडा पुढे रेटला, पण नाक खाली येईना. उड्डाणानंतर अवघ्या सदतीस सेकंदांत विमान विमानतळावरच्याच एका हँगरवर आदळले आणि एकवीसही जण मृत्युमुखी पडले.

तपासात दोन गोष्टी समोर आल्या. दोनच रात्रींपूर्वी दुरुस्तीच्या वेळी शेपटीच्या पट्टीची तार चुकीची ओढली गेली होती, त्यामुळे नाक खाली आणण्याची तिची क्षमता निम्म्यावर आली होती. पण त्या दुरुस्तीनंतरही विमानाने काही फेऱ्या सुखरूप केल्या होत्या. त्या फेऱ्यांत ते हलके होते. त्या दिवशी ते भरलेले होते. कागदावर वजन आणि तोल दोन्ही मर्यादेत होते. प्रत्यक्षात विमान मर्यादेपेक्षा जड होते आणि गुरुत्वमध्य मागच्या सीमेच्याही मागे गेला होता. कारण कागदावरची माणसे जुन्या काळातली होती. अपघातानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने प्रवाशांची खरोखरच वजने घ्यायला लावली, तेव्हा सरासरी प्रवासी गृहीत धरल्यापेक्षा सुमारे नऊ किलोंनी जड निघाला. बॅगाही जड निघाल्या. त्यानंतर ठरावीक वजने वाढवण्यात आली. दुरुस्तीतली चूक आणि तोलातली चूक, यांपैकी एकटी कोणतीही कदाचित पचली असती. दोन्ही एकत्र आल्या तेव्हा वैमानिकांच्या हाती काही उरले नाही. आसन बदलण्याच्या विनंतीमागे जो काटेकोरपणा असतो, त्याला अशा एकवीस माणसांचा इतिहास आहे.

दुसरे उदाहरण सुदैवाने निर्धोक आहे आणि मराठी वाचकाला ते जरा निराळ्या कारणाने रुचेल. २१ जुलै २०२० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील पाल्मा येथे ‘टुई’ कंपनीचे बोईंग ७३७ निघाले. नव्या संगणक प्रणालीने प्रवाशांच्या नावांआधीची संबोधने वाचून वजने लावली होती. ही प्रणाली जेथे लिहिली गेली, त्या देशात ‘मिस’ हे लहान मुलीचे संबोधन आणि ‘मिझ’ हे प्रौढ स्त्रीचे. इंग्लंडमध्ये मात्र अविवाहित प्रौढ स्त्रीही ‘मिस’ लावते. परिणामी ‘मिस’ लावणाऱ्या अडतीस जणींची नोंद ६९ किलोंऐवजी ३५ किलोंची बालिका अशी झाली. विमान लोडशीटवरच्या आकड्यापेक्षा १,२४४ किलोंनी जड होऊन उडाले. ते सुखरूप पोहोचले. तरीही ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेने ही गंभीर घटना मानून अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याकडे पहिलीतली मुलगीही ‘कु.’ असते आणि चाळिशीतली अविवाहित प्राध्यापिकाही ‘कु.’च असते. कुणा परक्या प्रोग्रामरला या दोन अक्षरांचा अर्थ समजावून सांगायची वेळ आली, तर आपलीही तारांबळ उडेल.

सरासरी जुनी होऊ नये म्हणून मधूनमधून वजने घ्यावी लागतात. ‘एअर न्यूझीलंड’ने २०२३ च्या मे-जूनमध्ये ऑकलंडहून परदेशी जाणाऱ्या प्रवाशांना स्वेच्छेने काट्यावर उभे राहायला सांगितले. आकडा पडद्यावर दिसत नव्हता, नाव नोंदले जात नव्हते. पुढच्या वर्षी ‘फिनएअर’ने हेलसिंकीत तसेच केले. जगभर त्याची थट्टा झाली. शार्लटची हकीकत ठाऊक असणारा माणूस थट्टा करणार नाही.

तोलाचा प्रश्न हवेतच असतो असेही नाही. एटीआर उभे असताना त्याच्या शेपटीखाली एक टेकू लावलेला दिसतो. प्रवासी मागच्या दाराने चढतात, बॅगा मागच्या कप्प्यात जातात, अशा वेळी पुढे वजन नसेल तर विमान मागे बसू शकते. त्यासाठी ती खबरदारी. मोठ्या विमानांनाही हे चुकलेले नाही. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर बार्बाडोसहून आलेले ‘जेटब्लू’चे एअरबस ए-३२१ प्रवासी उतरत असतानाच मागे झुकले, नाक हवेत गेले आणि शेपूट जमिनीला टेकले. पुढचे प्रवासी आणि सामान उतरून गेले होते, मागचे वजन तसेच होते. कोणी जखमी झाले नाही. बैलगाडी उलाळते म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर त्याची छायाचित्रे पाहावीत.

मग प्रवासात स्वच्छतागृहाकडे लागणाऱ्या रांगेचे काय, ही शंका स्वाभाविक आहे. तिची तरतूद आधीच केलेली असते. विमान बनवणाऱ्याने दिलेली चौकट कंपन्या स्वतःसाठी आणखी आखडून घेतात. माणसे उठतील, सेविका खाद्यपदार्थांची गाडी ढकलत जातील, चाके आत जातील, इंधन जळेल, हे सारे गृहीत धरून. शिवाय उंचावर वेग भरपूर असतो, त्यामुळे शेपटीचा पंख सहज भरपाई करतो. खरी नड उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी, जेव्हा वेग कमी आणि जमीन जवळ असते.

आणखी एक गोष्ट. होडीतला तांडेल ‘एका अंगाला बसू नका’ म्हणून ओरडतो; विमानात तसे सहसा कोणी सांगत नाही. विमान लांबीला मोठे, रुंदीला अरुंद. डावीकडून उजवीकडे जाणारा माणूस दोन-तीन मीटरच सरकतो, पुढून मागे जाणारा पंधरा-वीस मीटर सरकू शकतो. डाव्या-उजव्या बाजूचा तोल मुख्यतः पंखांतल्या इंधनाने सांभाळला जातो. म्हणूनच एम्ब्राएरमधली एक-दोनची विषम मांडणी कुणाला खटकत नाही.

राहिला प्रश्न हक्काचा. आसन बदलायला सांगण्याची सगळीच कारणे तोलाची नसतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारी आसन देण्याची सूचना कंपन्यांना केली; त्यासाठीही हलवाहलव होते. कुणा दाम्पत्याला एकत्र बसायचे असते, कुठे आसनाचा पट्टा नादुरुस्त असतो. सहप्रवाशाच्या सोयीसाठी केलेली विनंती नम्रपणे नाकारता येते. तोलासाठी केलेली सूचना नाकारता येत नाही; ती सेविकेच्या तोंडून आली तरी वैमानिकाची असते, आणि विमानाच्या सुरक्षिततेबाबत शेवटचा शब्द त्याचाच. म्हणून ‘कारण काय?’ असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. दोन्हींतला फरक कळायचा तोच मार्ग आहे.

दोष एकट्या प्रवाशाच्या माथी मारणे मात्र बरोबर होणार नाही. ‘बॅलन्ससाठी’ हा एक इंग्रजी शब्द टाकून निघून गेले, की ऐकणाऱ्याच्या मनात नाना शंका येतात. पैसे घेऊन विकलेली पुढची आसने कुणा दुसऱ्यासाठी मोकळी करीत असतील का, ही त्यांतली पहिली. ‘विमान आज अर्धे रिकामे आहे, पुढे वजन जास्त झाले आहे, उड्डाण होईपर्यंत चौघांनी मागे बसावे, तुम्हाला निवडले ते केवळ रांग पाहून,’ एवढे मराठीत किंवा कोकणीत सांगायला पंधरा सेकंद लागतात. आसनासाठी वेगळे पैसे घेतले असतील, तर ते परत मिळण्याची वाट त्याच वेळी सांगावी. प्रवाशाने आपला बोर्डिंग पास जपून ठेवावा आणि पैशांची मागणी उतरल्यावर करावी. धावपट्टीकडे निघालेल्या विमानात त्या वादाचा निकाल लागत नाही.

पट्ट्याचा दिवा विझल्यावर मूळ आसनावर जाता येईल का, असे सेविकेला विचारायला हरकत नाही. पुष्कळदा परवानगी मिळते. पण विमान खाली यायला लागले, की पुन्हा मागे जावे लागेल, कारण उतरतानाचा हिशेबही तुम्ही पंधराव्या रांगेत आहात असे धरूनच केलेला असतो.